मक्याच्या बटणावर सोयाबीन

पिशोरमध्ये वजन उतरवायचं केंद्र चालवणाऱ्या कोचनं माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. मशीन त्याची, पाय तिचे आणि आकडा खोटा. ही गोष्ट मी आठवडी बाजारात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, आता लिहून ठेवतो. कारण ती शाबीत करायला मी आक्काला घेऊन तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो, आणि तिथं जे पाहिलं ते साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाच्या कानावर गेलं पाहिजे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी मक्याचा व्यापारी. पंधराव्या वर्षी पोती उचलली, मग दुसऱ्याच्या दुकानात काटा धरला, मग स्वतःचा काटा मांडला. कुणाच्या बापाची मदत नाही. मदत झाली ती एकट्या आक्काची. ती लवकर विधवा झाली आणि माझ्याकडं आली. हमाल ठेवायची ऐपत नव्हती त्या दिवसांत पोत्याचं एक टोक मी धरायचो, दुसरं ती. तिच्या दंडात चांदीची वाकी आहे. तीस वर्षांत ती कधी निघाली नाही, कारण दंडच तसा होता.

श्रावणात कोचनं फुकट चरबी तपासणीचं शिबिर भरवलं. हा कोच देवगाव रंगारीचा, वय पस्तीसच्या आत, अंगात घट्ट बनियन, बोलणं साखरेच्या पाकातलं. मशीन म्हणजे काचेची चौकोनी पाटी. अनवाणी उभं राहायचं, तो आधारकार्ड बघून वय टाकणार, मग आकडा येणार. आक्काचा आकडा आला शेकडा चव्वेचाळीस.

"आजी, तुमच्या अंगात निम्मी चरबीच आहे," कोच म्हणाला. "हृदय कसं चालतंय हेच नवल."

त्या दिवसापासून आक्काची भाकरी बंद. सकाळी डब्यातली पावडर पाण्यात, संध्याकाळी पावडर पाण्यात, दुपारी काकडी. चार महिन्यांत सात किलो उतरले. कोचनं टाळ्या वाजवायला लावल्या आणि तिचा फोटो केंद्राच्या भिंतीवर लावला. घरी मात्र ती खाली बसली की भिंत धरून उठायला लागली. भरली घागर एका हातानं उचलणारी बाई तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी धरायला लागली. एकदा न्हाणीत पडली. कोचनं सांगितलं, संक्रांतीपर्यंत आणखी पाच किलो.

मी म्हटलं, "आक्का, पावडर बंद कर. भाकरी खा."

"तू गप. मशीन खोटं बोलत नाय."

"मग कोण बोलतंय?"

"तू. साऱ्या बाजाराला म्हाईत हाय."

मी भावात घासाघीस करतो, मालाला नावं ठेवून घेतो, हे खरं आहे. तिचा विश्वास मशीनवर, माझ्यावर नाही. तेव्हा मी ठरवलं की ह्या मशीनला हरवणारी मोठी मशीन शोधायची.

पहिला दिवस: शून्याचं तिकीट

मार्गशीर्षातली सकाळ होती. कपाशी वेचून झालेली रानं काळी पडली होती आणि ज्वारीचं कणीस दुधात आलं होतं. एसटीत कंडक्टरनं आक्काचं आधारकार्ड घेतलं, डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाला, "आजी ऐंशीच्या. शून्याचं तिकीट. बसा आरामात."

आक्का मला म्हणाली, "ऐंशी म्हंजे लई झालं का रं?"

"लई कुठं," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत मी खिडकीतून तोंड आत घेतलं नाही. का, ते पुढं येईल.

उतरलो ते रफिकभाईंच्या घरी, शहागंजच्या मागं. रफिकभाई रिकाम्या पोत्यांचा व्यापार करतात. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांशी भांडतोय आणि एकमेकांच्या घरी जेवतोय. आमच्याकडं पाहुणा आला की आधी "जेवता का?" विचारतात, आणि पाहुण्यानं दोनदा नाही म्हणायची रीत आहे. त्यांच्याकडं विचारायची भानगडच नाही. आपण चपला काढेपर्यंत दस्तरखान अंथरलेला असतो. भाभींनी नान आणि खलिया वाढला. तांबडा तवंग, आत मऊ मटण, आणि आमच्या भाकरीएवढा मोठा, पिवळसर नान. मी दोन खाल्ले. आक्कानं पिशवीतून पावडरीचा डबा काढला आणि पाणी मागितलं.

भाभी बघतच राहिल्या. "आपा, ये क्या पी रैं? बच्चों का दूध है क्या?"

"चरबी जास्त हाय माझ्यात," आक्का म्हणाली. "चव्वेचाळीस."

"कां है चरबी? मेरेकू तो हड्डी दिख री."

"आतून हाय. मशीननं सांगितलं."

रफिकभाई माझ्याकडं बघून म्हणाले, "सेठ, ह्या मशीनला औरंगपुऱ्यात भाऊ हाय. पैलवानाच्या जिममध्ये. चला, दोघांची गाठ घालून देऊ."

औरंगपुऱ्यात दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत पहिल्या मजल्यावर चढलो. जिमचा मालक खरोखर पैलवान निघाला. कान मुडपलेले, मान नाही, आवाज एकदम हळू. त्याची मशीन कोचच्या मशीनपेक्षा भारी होती. खाली पायाला पत्रे, वर हाताला दांडे. मी भाव करून घेतला की एकदाच्या फीमध्ये मी म्हणेन तितक्या वेळा मोजायचं. तो म्हणाला, "मोजा की. वीज कितीशी लागते?"

वीज म्हटल्यावर माझे कान टवकारले. "वीज कशाला लागते?"

"अंगातून सोडतो ना. बारीक करंट. कळत नाय माणसाला. पाणी असलेल्या मांसातून करंट पळतो, चरबीत अडतो. किती अडला त्यावरून मशीन हिशेब करते."

मी जागच्या जागी उभा राहिलो. मला हसावं की रडावं ते कळेना. अहो, ही तर मक्याची मशीन. बाजार समितीत मक्याचा ओलावा मोजतात ती. मूठभर दाणे डब्यात टाकायचे, वीज सोडायची, ओलावा किती ते आकड्यात येतं. ह्या मशीनबरोबर माझी उभी हयात गेली आहे. ती कशी चुकते, कशी चुकवायची, कुणी माझ्यावर कशी चुकवली, हे मला कुणी शिकवायला नको. चार महिने मी कोचसमोर अडाणी म्हणून गप्प बसलो होतो, आणि तो माझ्याच धंद्यातली वस्तू घेऊन उभा होता.

"आक्का, चढ वर," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की व्यायाम करणारे थांबले.

पहिल्या खेपेला मशीननं आकडाच दिला नाही. नुसती पीं पीं. पैलवानानं आक्काच्या टाचा बघितल्या. उभं आयुष्य रानात अनवाणी गेलेलं. टाचांना बोट जाईल अशा भेगा, वर चामड्यासारखं जाड कातडं.

"मावशी, ह्या कातड्यातून करंट जाईना," तो म्हणाला आणि ओल्या फडक्यानं त्यानं स्वतः तिच्या टाचा पुसल्या. एवढा मोठा पैलवान तिच्या पायाशी बसलेला बघून आक्का अवघडली. "राहू दे बाबा, पाप लागतं."

आकडा आला एकेचाळीस.

मी विचारलं, "आक्का, कोचकडं गेलीस तवा टाचा पुसल्या होत्या का?"

"नाय."

"वार कोणता होता?"

"सोमवार. श्रावणातला."

"म्हंजे उपास."

"मग? कडक. पाणीसुद्धा घेत नाय मी."

ऐकलंत? कोचनं श्रावणी सोमवारी, बिनपाण्याच्या उपासाच्या बाईला, कोरड्या भेगाळ टाचांवर उभं करून वीज सोडली. अंगात पाणी कमी, टाचेत अडथळा, करंट अडणारच. जितका अडला तितकी मशीननं चरबी धरली. हवेत आठ दिवस पडलेला मका आणि काल खुडलेला मका एकाच दिवशी मोजून दोन शेतकऱ्यांची तुलना करण्यासारखं झालं हे.

मी आक्काला दोन ग्लास पाणी आणि चहा पाजला. तासभर बसवून टाचा पुन्हा भिजवल्या. अडतीस.

आता मी बटणांकडं वळलो. आमच्या ओलाव्याच्या मशीनवर मका, सोयाबीन, गहू, असं प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. मक्याच्या बटणावर सोयाबीन मोजलं तर मशीन बिनदिक्कत आकडा दाखवते, आणि तो आकडा चूक असतो. कारण वीज फक्त अडथळा मोजते. त्या अडथळ्याचा अर्थ आधी कुणीतरी हजार पोती तपासून मशीनमध्ये भरलेला असतो. मी पैलवानाला विचारलं, "हिच्यात कुणाची पोती तपासून भरलीत?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "ते कंपनीला म्हाईत. माझ्याकडं येतात ती सगळी विशी-तिशीची पोरं. म्हाताऱ्या माणसावर ही कशी चालते ते मला खरंच ठाऊक नाय, काका. वय, उंची, बाई की बुवा, एवढं टाकायचं. आणि हे एक खेळाडूचं बटण."

"दाब ते."

एकोणतीस.

आक्का मशीनवरून उतरली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी इथंच उभी होते. मग चरबी कुठं फिरून आली?"

पैलवान हसला, मी हसलो, रफिकभाई तर बाकावर बसून हसले. मग पैलवान सहज म्हणाला, "वयानंबी फरक पडतो बरं का. बघा, खेळाडू काढतो आणि ऐंशीऐवजी बहात्तर टाकतो." त्यानं टाकलं. छत्तीस. वय वाढवलं की मशीन आपोआप चरबी वाढवून धरते.

सगळे हसत होते आणि माझं हसू तिथं थांबलं.

कारण आक्काचं खरं वय बहात्तर आहे. पैलवानानं आकडा अंदाजानं टाकला आणि तो नेमका लागला. मी सदुसष्टचा, ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गावात आधारकार्डाचं यंत्र आलं तेव्हा तिच्याकडं जन्माचा कसलाच कागद नव्हता. टेबलावरचा माणूस म्हणाला, अंदाजे सांगा. मी त्यात आठ वर्षं चढवून सांगितली. एसटीची सवलत लवकर मिळेल, आणखी काही योजना निघतील, म्हणून. मालाचं वजन वाढवून सांगावं तसं बहिणीचं वय वाढवून सांगितलं. कार्डावर एक जानेवारी आणि मी सांगितलेलं साल छापून आलं. आक्काला वाचता येत नाही. मी तिला कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळीही सांगितलं नाही.

दुसरा दिवस: वाकी

रफिकभाईंच्या ओळखीनं म्हाताऱ्या माणसांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. रिक्षावाल्यानं वाटेत आक्काची चौकशी केली, आणि आजी चरबी मोजायला चाललीय म्हटल्यावर तो मागं वळून बघत म्हणाला, "चचा, हमारे मोहल्ले में तो लोगां चरबी चढाने कू डॉक्टर के पास जाते." रिक्षा फुटपाथला घासली. मी त्याला झापलं, आक्का पदर तोंडाला लावून हसली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली.

डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मक्याच्या मशीनसकट. असं ऐकून घेणारी डॉक्टर मी पाहिली नव्हती. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक चिमटा काढला आणि आक्काच्या दंडाची कातडी त्यात धरली.

"ही जुनी पद्धत," त्या म्हणाल्या. "कातडीखालची चरबी चिमटीत धरून मोजायची. तरुण माणसात बरी चालते. आता बघा." त्यांनी कातडी सोडली, ती सावकाश खाली बसली. पुन्हा धरली, आकडा वेगळा. "उतारवयात कातडी सैल होते, चिमट्यात काय आलं ते नक्की सांगता येत नाही. आणि ह्या वयात चरबी कातडीखालून पोटाच्या आत सरकते, मांसाच्या धाग्यांमध्ये शिरते. तिथं चिमटा पोचत नाही."

"म्हंजे वरवर बघून पोतं घ्यायचं नाय," मी म्हटलं.

"नाही घ्यायचं. आणि नुसतं वजनही बघायचं नाही. मांस गेलं आणि चरबी तेवढीच राहिली, तरी काटा खाली येतो. काट्याला फरक कळत नाही."

मला एवढा आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. हेच मी चार महिने म्हणत होतो, फक्त मला शब्द सापडत नव्हते. आक्काला मात्र ते पटलं नाही. ती म्हणाली, "बाई, तुमीबी हाताच्या अंदाजानं सांगू नका. मशीननं सांगा."

तेव्हा त्यांनी डेक्सा नावाच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. हाडं ठिसूळ झालीत का ते बघायची ही मशीन बऱ्याच ठिकाणी असते, पण सगळ्या अंगाची चरबी आणि मांस वेगळं करून सांगणारी सगळीकडं नसते. शहरातच तीन ठिकाणी फोन केल्यावर एका ठिकाणी "आहे" म्हणाले.

मी तर ती मशीन बघून हरखलो. लांबलचक पलंग, वर एक हात पसरलेला. माणूस निजवायचा, वरचा हात डोक्यापासून पायापर्यंत सावकाश सरकत जातो. दोन प्रकारचे किरण सोडतात, म्हणे. हाडात वेगळे अडतात, चरबीत वेगळे, मांसात वेगळे. आमच्या चाळणीत दाणा, माती आणि भुसा वेगळा पडतो तसा माणूस वेगळा पडतो, तोही न दुखता.

मशीन चालवणाऱ्या बाईंचं नाव शाहीन. त्या आक्काला म्हणाल्या, "दादी, धातूचं काही अंगावर ठेवायचं नाही. ही वाकी काढावी लागेल."

"ती निघत नाय माय. तीस वर्षं झाली. साबण लावून बघितला, तूप लावून बघितलं."

"मी साबण आणते."

शाहीनबाई साबण आणायला वळल्या. आक्कानं सवयीनं वाकीला हात घातला, नुसता फिरवायला, आणि वाकी कोपरावरून घसरत मनगटापाशी आली. तिथून बोटांवरून खाली पडली. फरशीवर आवाज झाला.

आक्का खाली पडलेल्या वाकीकडं बघत होती, मग दंडाकडं. दंडावर वाकीच्या जागी गोरा पट्टा होता, आणि त्या पट्ट्याच्या आजूबाजूला कातडी लोंबत होती.

"हे कधी झालं रं?" तिनं मला विचारलं.

मी वाकी उचलून रुमालात गुंडाळली. ती मशीनवर निजली. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि कोचला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की शेजारचा माणूस उठून गेला. ओठ हलत असणार.

रात्री भाभींनी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा केला होता. आक्कानं डबा काढला, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. पावडरही नाही आणि खिचडीही नाही. भाभींनी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि शेजारी नुसत्या बसून राहिल्या.

तिसरा दिवस: आठ वर्षं

रिपोर्टवर माणसाचं चित्र असतं, चरबीला एक रंग, मांसाला दुसरा. डॉक्टरीणबाईंनी चित्र आक्काच्या पुढं धरलं.

"चरबी चौतीस. चव्वेचाळीस नाही, आणि आता घाबरण्यासारखी तर मुळीच नाही. पण हातापायांत मांस कमी आहे."

"कोचच्या पावडरीनं गेलं," मी म्हटलं.

"असेल. पण आधीचं चित्र माझ्याकडं नाही, त्यामुळं किती गेलं ते मी शपथेवर सांगणार नाही. आणि ही मशीनही देव नाही. अंगाला सूज असली तर ती सूज मांसात धरते."

"म्हंजे हिच्यातबी ओलावा घुसतो?"

"थोडा घुसतो."

मला ती बाई आणखीच पटली. जी डॉक्टरीण स्वतः सुचवलेल्या मशीनची खोट आधी सांगते, तिच्याशी व्यवहार करावा. आक्कानं रुमाल सोडून वाकी टेबलावर ठेवली. "आधीचं माप हे हाय, बाई."

डॉक्टरीणबाईंनी वाकी हातात घेतली, तिच्यातून स्वतःची मूठ घालून बघितली. "हे माप मी लिहून ठेवते," त्या म्हणाल्या आणि खरंच लिहिलं.

मग त्यांनी आक्काला एक दांडा आवळायला दिला, हाताची पकड बघायला. मग खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला लावलं. तिसऱ्या वेळी आक्काचे पाय थरथरले, चौथ्याला तिनं माझ्याकडं हात केला. डॉक्टरीणबाईंनी कार्डावरचं वय बघितलं, रिपोर्टमधला तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "ऐंशीच्या मानानं तसं चालण्यासारखं आहे. ह्या वयात ताण द्यायला नको. थोडं खा, सांभाळून राहा, कमी हिंडा."

आक्कानं मान डोलावली. "व्हय. आता ऐंशी म्हंजे काय राहिलं."

कोचच्या मशीनवर मी सांगितलेलं खोटं वय आक्काच्या विरोधात गेलं होतं. इथं तेच वय तिच्या बाजूनं गोड बोलत होतं, आणि ते जास्त वाईट होतं. ऐंशीच्या बटणावर बहात्तरची बाई मोजली जात होती. बटण मी दाबलेलं.

आयुष्यात मी कधी ठरलेला भाव मोडून मागं सरलो नव्हतो. मी म्हटलं, "बाई, ते वय खोटं हाय. बहात्तर लिहा. कार्डावरचं मी सांगितलंय, सवलतीसाठी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आक्का माझ्याकडं वळली.

"किती म्हटलास?"

"बहात्तर."

"मग तुझं किती?"

"सदुसष्ट."

"सदुसष्ट? मी तुला पंचाहत्तरीचा समजत होते. म्हटलं केसाला काळं लावून हिंडतंय मेलं, वय लपवायला."

डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मी नाही हसलो. मग त्यांनी बहात्तरचा तक्ता काढला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बहात्तरच्या मानानं हे कमी आहे. मघाशी मी चुकीचं सांगितलं. सांभाळून राहायचं नाही, आजी. रोज खुर्चीतून उठबस करायची, आज तीन जमल्या तर आठवड्यानं चार. पाण्याच्या बाटल्या उचलायच्या. डाळ, दूध, अंडं, जे चालतं ते दोन्ही वेळा. भाकरी सुरू. हे भरून येतं, वेळ लागतो, पण येतं."

"येतं?" आक्कानं विचारलं.

"येतं."

दुपारी रफिकभाईंकडं दस्तरखान पडला. परवा उरलेल्या खलियाला आज आणखी चव आली होती. आक्कानं नानाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, थांबली, आणि खाल्ला. भाभींनी दुसरा नान तिच्या पुढं सरकवला. आक्कानं तोही संपवला. पावडरीचा डबा तिनं भाभींना दिला. "आत मीठ ठेव. डबा चांगला हाय."

परतीच्या एसटीत कंडक्टर आला. मी कार्ड काढलं. आक्कानं माझा हात खाली दाबला.

"एक अर्धं पिशोर," ती म्हणाली. "बहात्तरची हाय मी."

कंडक्टर म्हणाला, "अर्धं तर सगळ्याच बायांना असतं, आजी."

"असू दे. मी वयाचं सांगितलं."

खुलताबादचा घाट चढून झाला. मग भरल्या एसटीत, आवाज बारीक न करता, म्हणाली, "कोचला तू विचारणार, ते बरोबर. पण आधी तू सांग. ऐंशीची झाले म्हणून मी रानात जायचं सोडलं. हुरड्याला बोलावलं तर गेले नाय. नणंदेच्या घरचं लग्न सोडलं, म्हटलं म्हातारपणी कुठं हिंडायचं. कोचनं माझे चार महिने खाल्ले. तू किती खाल्लेस?"

मागच्या बाकावरच्या दोन बाया कान देऊन ऐकत होत्या. मी घासाघीस केली नाही. म्हटलं, "आठच्या आठ वर्षं मी खाल्ली. माझी चूक."

"मग हुरड्याला घेऊन चल."

"चल."

हे लिहीत असताना ती अंगणात खुर्चीवरून उठते आहे, बसते आहे. काल पाच झाल्या. कार्ड दुरुस्तीला दिलं आहे, आणि दुरुस्तीच्या टेबलावर कारण विचारलं तेव्हा ते मी माझ्या तोंडानं सांगितलं.

आता कोच, तू. येत्या बाजाराच्या दिवशी तुझी काचेची पाटी घेऊन माझ्या काट्यापाशी ये. चार माणसं बसलेली असतील, आक्काही असेल. उपाशी आणि तहानलेल्या बाईला का मोजलंस? टाचा का पुसल्या नाहीस? तुझ्या मशीनमध्ये कुणाची माणसं तपासून भरली आहेत, ते तुला ठाऊक होतं का, आणि नसेल तर भाकरी कशाच्या आधारावर बंद केलीस? सात किलोंत चरबी किती आणि मांस किती, हे न बघता टाळ्या कशाच्या वाजवल्यास? भिंतीवरचा फोटो उतरवून बरोबर आण. वाकी मी टेबलावर ठेवतो. माझा जबाब मी भर एसटीत दिलाय. तुझा बाजारात दे.